माझा टॉर्क शून्य

११ ऑगस्ट, वलगाव
सौ. रागिणीला अमरावतीच्या दवाखान्यातून घरी आणलं. उजव्या अंगाला लकवा. बोलणं शाबूत, पाय ओढत चालते, हात नुसता लोंबतो. फिजिओथेरपीच्या जुईली मॅडम (वय आमच्या भाचीएवढं) म्हणाल्या, रोज आणा, पहिले तीन महिने फार मोलाचे. त्यांच्याकडे भिंतीवर हातानं फिरवायचं चाक आहे. फिरवून पाहिलं. बेअरिंग खरखरतं. सायकल स्टोअर चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. याहून चांगलं मी घरी करतो.

१४ ऑगस्ट
फिजिक्सचं पुस्तक परत काढलं. कॉलेज पाहिलं नाही, पण फिजिक्स स्वतः शिकलो, तेही इंग्रजीतून. टॉर्क म्हणजे वस्तू फिरवणारा रेटा. चाक फिरवणाऱ्या टॉर्कमधून अडवणारा टॉर्क वजा करायचा. काहीच उरलं नाही तर थांबलेलं चाक थांबलेलंच. थोडं जरी उरलं तरी वेग वाढत जातो. म्हणजे अडवणारं काढून टाकलं की रागिणीची उरलीसुरली ताकद पुरते. दवाखान्यात हे कोणाला सुचलं नाही.

१९ ऑगस्ट
चाक भिंतीवर बसलं. नवे छर्रे, नवं ग्रीस. रागिणीची बोटं पट्टीनं चाकाच्या मुठीला बांधली. फिरलं नाही. कारण उघड आहे, हाताचं स्वतःचं वजन. उद्यापासून मी कोपर खालून धरणार.

२० ऑगस्ट
फिरलं.
मी फक्त वजन पेलतो, ढकलत नाही. सबब हिशेबात माझा टॉर्क शून्य धरला. सगळा तिचा. रागिणी काही बोलली नाही. आनंदानं असेल.

५ सप्टेंबर
टायर-ट्यूब काढली. कडेचं वजन कमी केलं की तेवढ्याच टॉर्कमध्ये चाक लवकर वेग घेतं. घेतला. जुईली मॅडमचा फोन, का येत नाही म्हणून. आकडे वाचून दाखवले.

२६ सप्टेंबर
मूठ आसापासून आणखी लांब बसवली. जोर तेवढाच, टॉर्क जास्त. हात आता डोक्याच्या वर जातो. रागिणी म्हणाली, खांदा लय दुखून राहिला जी. समजावलं, दुखणं म्हणजे स्नायू जागे होताहेत. म्हणाली, तुमाले माईत.

२० ऑक्टोबर
ठरलं. भाऊबीजेला सहदेव अकोल्याहून येईल, तेव्हा रागिणी उजव्या हातानं ओवाळेल. हा साला मला तोंडावर सायकलवाला सायंटिस्ट म्हणतो. पाहील.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
निरांजन रागिणीच्या उजव्या हातात बसवलं, कोपर धरलं. दोन फेरे सुरेख झाले. सहदेव म्हणाला, जवाईबुवा, ओवाळून कोण राहिलं, तुमी का ताई? तुमी हात काढा पाहू. विज्ञानाला भीती नसते. काढला.
हात खाली पडला. तेल सहदेवच्या मांडीवर.
निरांजनाचं वजन हिशेबात धरलं नव्हतं. तसं मी सांगत होतो. रागिणी म्हणाली, राहू द्या जी, चाक तुमीच फिरवत होते, मले पहिल्याच दिवशी समजलं. तुमी इतके खुश होते, काय सांगू.
मग तिनं डाव्या हातानं निरांजन उचललं, वात सरळ केली, पेटवली आणि भावाला ओवाळलं. ज्योत हलली नाही. डाव्या हातानं हे सारं ती केव्हा शिकली, माझ्याकडे नोंद नाही.

५ नोव्हेंबर
जुईली मॅडमनी तपासलं. खांद्याचा सांधा खाली सरकलाय. लुळा हात जोरानं वर नेल्यामुळे, म्हणाल्या. आधी दुखणं कमी करायचं, मग बघू. हात येईल का विचारलं. तेव्हा आणायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या.
सहदेव तिला अकोल्याला नेतोय. तिथं रोज व्यायाम होईल. तिथल्या लोकांना बेअरिंगबद्दल चार गोष्टी लिहून देऊ का विचारलं. सहदेवनं तिची पिशवी उचलून गाडीत ठेवली.
गाडीत बसताना आधाराला हात पुढे केला. रागिणी म्हणाली, धरू नका.
एकटीच बसली. वेळ लागला.