सांडलेली ज्वारी

कामरगाव

रूपाबाई,

शेजारच्या संघदीपनं काल मोबाइलवर तुहा व्हिडिओ दाखवला. तिकडं सुदानात उपाशी लोकायले तू परदेशातून आलेली ज्वारी वाटून राह्यली होती. एका बाईच्या पदरातून दाणे सांडले, तशी तू खाली बसली अन् तिच्यासंगं येचाले लागली. मी आदी चिडलीच. एवढी शिकलेली पोरगी धुळीत काहून बसली?

मंग मले माही माय दिसली. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या गावातही अशीच परदेशाची लाल ज्वारी आली होती. आमचा विटाळ होऊ नये म्हनून वाटनारा उभ्यानं वरूनच पदरात टाके. अर्धी मातीत जाये. माय एकटीच येचत बसे, अन् तो पुढच्याले हाका मारे.

हे मी तुले कदी सांगितलंच नाई. तरी तू बसली. लेकी, तुह्यावरून जीव ओवाळून टाकावा वाटला.

पन हे पत्र मी पेटीत टाकत नाई. तुले हे समजलं, तर पुढच्या वेळी तू माह्या मायसाठी बसशील. आता तू त्या बाईसाठी बसून राह्यली.

तुही माय