चार गुरू, पाच लघू

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजही बोटं हलली नाहीत. मी मुद्दाम बघत बसलो होतो. चहा झाल्यावर हिचे दोन्ही हात टेबलावर होते — एकावर एक, घडी घालून ठेवलेल्या रुमालांसारखे. रेडिओवर तिच्या आवडीचं काहीतरी लागलं होतं. पण नाही. काहीच नाही.

लग्न झाल्यापासून या बाईनं घरातली एक वस्तू गप्प बसू दिली नव्हती. टेबल, डब्याचं झाकण, बसची खिडकी, माझी पाठ. विशेषतः माझी पाठ. कुशीवर वळलो की तिची बोटं सुरू — दोन्ही हातांची, हलकी, आपल्याच तंद्रीत. मी म्हणायचो, "अगं, झोपू दे की." आता झोपू देते. झोपच येत नाही.

ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायची ही. ऑर्केस्ट्रा बंद पडला तरी दुपारचा सराव चुकला नाही. बाहेरची अर्धी खोली ढोलांनी आणि थाळ्यांनी भरलेली. पाहुणे आले की त्यांना कुठं बसवायचं हा प्रश्न. चार महिन्यांपूर्वी एकदम म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या न्यायाधीशांनी तक्रार केलीय. विकून टाकू या." मी तावातावानं भांडायला निघालो, तर म्हणाली, "बसा. म्हातारा माणूस आहे, जाऊ दे." सेट गेला. त्याच्याबरोबर बोटंही गेली, हे मला उशिरा कळलं. आता ती बोलते, हसते, पेपर वाचते — पण शेजारच्या घरात राहत असल्यासारखी.

मुलीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. म्हणाली, "बाबा, इलेक्ट्रॉनिक ड्रम आणा ना. आई हेडफोन लावून वाजवेल, खाली ढिम्म कळणार नाही. हल्ली अगदी खऱ्यासारखे मिळतात."

खऱ्यासारखे. दिवसभर हा शब्द दातात अडकलाय.

५ फेब्रुवारी

खडा टाकून पाहिला. "ते इलेक्ट्रॉनिक ड्रम कसे असतात गं?"

पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली, "रबरावर वाजवायचं म्हणजे फोटोशी गप्पा मारायच्या."

विषय संपला. म्हणजे विचारून आणता येणार नाही. न विचारता आणायचं तर मला त्यातलं काय कळतं? गाढवाला गुळाची चव काय — आणि इथं गाढवच निघालंय गूळ आणायला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो. स्टेशनच्या मागच्या गल्लीत वाद्यांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर. विकणारा मुलगा पंचविशीचा, केस पार कमरेपर्यंत. मी मनात त्याचं जटाधारी असं नामकरण करून टाकलं.

"नातवासाठी का काका?"

"बायकोसाठी."

त्याचं च्युइंग गम चघळणं थांबलं. "आजी वाजवतात?"

"तू जन्मायच्या आधीपासून."

मग मात्र त्यानं खुर्ची दिली.

तीन सेट दाखवले. पहिल्याला रबराच्या काळ्या चकत्या. दुसऱ्याला चाळणीसारखी पांढरी जाळी ताणलेली. तिसऱ्यालाही जाळीच, पण खाली खऱ्या ढोलासारखं लाकडी खोड. प्रत्येकाला एक डबी जोडलेली. तिला तो "मेंदू" म्हणतो. मारायचं जाळीवर, आवाज येणार मेंदूतून, ऐकायचा हेडफोनमध्ये. "याच्यात चारशे आवाज आहेत," म्हणाला. मला एकच हवाय, तो कुठला ते सांगता येईना.

तो बोलतच होता — काडी किती उसळते, हळू मारलेलं पकडतं की नाही, कडेवर मारलं तर काय होतं. मी मान हलवत होतो. शेवटी त्यानंच विचारलं, "काका, खऱ्यासारखं म्हणजे तुम्हाला नेमकं कसं हवंय?"

आली का पंचाईत! खरा ड्रम मी जन्मभर ऐकला. एकदाही वाजवला नाही. पुसलाय फक्त.

"वाजवून तर बघा," म्हणून त्यानं काड्या हातात दिल्या. मला काय येतं वाजवायला? शाळेत पाठ झालेली वृत्तं तेवढी येतात. मंदाक्रांता घेतलं. आधी चार गुरू — जड, सावकाश. मग पाच लघू — हलके, एकापाठोपाठ एक. गागागागा ललललल. रबरावर चार गुरू ठणठणीत आले, आणि लघू मात्र चारच. पाचातला एक गिळला! पुन्हा केलं. पुन्हा गिळला.

जाळीवर पाचही आले.

जटाधारी वाकून बघायला लागला. "काका, ही कुठली टेस्ट?"

"इयत्ता आठवी."

रबर बाद. एवढं एक ठरलं. पण जाळीवर काडी फार उसळते, हात आपोआप वर जातो. खऱ्यावर असंच होतं का? की खऱ्याहून जास्त होतंय? घरी तज्ज्ञ बसलीय आणि तिलाच विचारायची सोय नाही.

८ फेब्रुवारी

सकाळपासून गुडघ्यावर मंदाक्रांता. ही म्हणाली, "संधिवात वाढलाय का?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाचं लग्नाआधीचं ते स्नेहसंमेलन आठवत होतो. ऑर्केस्ट्रा यायला वेळ होता, म्हणून साहेबांनी मला स्टेजवर ढकललं — "म्हण एखादी शाळेतली कविता." दोन ओळी झाल्या आणि तिसरी गेली! समोर सगळं कार्यालय. तेवढ्यात मागून टक्-टक् आली. सामान लावत असलेली ड्रमवाली मुलगी ढोलाच्या कडेवर हळूच काडी मारत होती — चार जड, पाच हलके. तिनं माझी चाल पकडली होती. त्या पाच टकटकींवरून तिसरी ओळ परत आली, पायऱ्या उतरून यावी तशी.

नंतर आभार मानायला गेलो. म्हणाली, "कविता काही कळली नाही. पण तुम्ही चार पायऱ्या दमानं चढता आणि पाच धावत उतरता, एवढं समजलं."

त्याच दिवशी मी कामातून गेलो.

आता तिची ओळ गेलीय, आणि मला कडेवर वाजवता येत नाही. मी दुकानं हिंडतोय.

१२ फेब्रुवारी

फजिती. जटाधारीनं सरावाला म्हणून जुन्या काड्या दिल्या होत्या. मी त्या छत्रीत लपवल्या. हिनं नेमकी आज छत्री उघडली, उन्हाला. काड्या पायावर पडल्या.

"ह्या कसल्या?"

"झाडांना. आधाराला." दुसरं सुचलंच नाही.

मग गॅलरीत जाऊन जास्वंदीच्या कुंडीत त्या खोचल्या. वाकलेली फांदी बांधायला मलाच बोलावलं — "तुम्हीच बांधा गाठ." मी बांधली. कळलं असेल का? कळलं असेल तर रागावत का नाही?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा दुकानात. हेडफोन लावून जाळीवर वाजवलं — कानात अख्खा हॉल उभा राहिला! खूश होऊन जटाधारीला म्हटलं, "ऐकलंस?" तो म्हणाला, "मला कुठून ऐकू येणार काका? बाहेर नुसती टपटप येते."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे ती वाजवणार, तिच्या कानात हॉल, आणि मी समोर खुर्चीत बसून टपटप ऐकणार? मी हे तिच्यासाठी घेतोय की माझ्यासाठी? जटाधारीला विचारलं. तो म्हणाला, "काका, मी फक्त ड्रम विकतो."

१७ फेब्रुवारी

एक गोष्ट लक्षात आली. हल्ली ही चहा दोन खेपांत आणते. आधी माझा कप, मग आत जाऊन स्वतःचा. पूर्वी दोन्ही हातांत दोन कप घेऊन पायानं दार ढकलून यायची. घड्याळही उजव्या मनगटावरून डाव्यावर आलंय आता. विचारलं तर म्हणाली, "बदल."

बदल कशाला हवाय? दोन खेपा म्हणजे दोन मिनिटं माझ्यापासून लांब. माणूस असाच हळूहळू लांब जातो का?

२० फेब्रुवारी, गुरुवार

लाकडी खोडाचा घेतला. कारण विचारलं तर हसतील. त्यावर हेडफोनशिवाय मारलं की आत पोकळीत बारीकसा "धप" होतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कान दिला तर पुरतो. मी जटाधारीला वाजवायला लावून दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आलो. जाळी चावीनं थोडी सैल करून घेतली, उसळी कमी झाली. खऱ्यासारखी झाली का? देव जाणे. मी झाली म्हणालो.

परवा घरी पोचवणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डोकं चालेनासं झालंय. जे घडलं ते तसंच लिहितो.

तक्रारीपासून मी न्यायाधीशांकडे बघत नाही. जिन्यात भेटले की सूचनाफलक वाचतो. आज त्यांनी फलकाच्या पुढे उभं राहून माझी वाट अडवली.

"तुमचं माझ्याशी काही बिनसलंय का? पाण्याच्या टाकीची सूचना चार महिने वाचताय तुम्ही."

मी म्हटलं, "तुम्ही तक्रार केलीत, आम्ही सेट विकला. आता आणखी काय हवंय?"

"कसली तक्रार?"

"ड्रमची!"

त्यांनी कठडा धरला. "अहो, जन्मभर वकिलांच्या आवाजात डुलक्या घेतलेला माणूस मी. वहिनींचा सराव सुरू झाला की मला झोप लागायची. बंद झाल्यापासून दुपारचा टक्क जागा आहे. बायको म्हणते, वर जाऊन विचारा. मला वाटलं, तुमच्याकडे काही वाईट घडलंय."

म्हणजे तक्रार नव्हतीच.

मग ही खोटं का बोलली? आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. ड्रमचा कंटाळा आला होता? की कायम माझ्यासाठीच वाजवत होती आणि आता पुरे झालं? विचारायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. पाठमोरी होती. परत आलो. उद्या तो सेट दारात येणार. थांबवू की येऊ देऊ?

२२ फेब्रुवारी, शनिवार

आला. मी थांबवला नाही. खरं तर फोन करायचं सुचलंच नाही.

जटाधारी आणि एक हमाल खोकी घेऊन वर आले. ही पदराला हात पुसत बाहेर आली, तर जटाधारी तिच्या पाया पडला. जोडाजोडी होईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी. ते गेल्यावर म्हणाली, "झाडांना आधार, नाही का?"

गॅलरीत गेली. जास्वंदीची गाठ मला सोडायला लावली. कुंडीतल्या काड्या उपसून माती पुसली आणि बसली. हेडफोन नाही, काही नाही.

उजवा हात सुरू झाला. काय सांगू! चार महिने गेलेच नाहीत असा. मग तिनं डावा उचलला. एक पडला, दुसरा जेमतेम, आणि काडी निसटून कपाटाखाली गेली.

मी गुडघे टेकून काडी शोधत होतो तेव्हा ती वरून बोलली. "चष्म्याचा नंबर काढायला म्हणून गेले होते ना, तो डॉक्टर चष्म्याचा नव्हता. मानेतली नस दबलीय. डाव्याची पकड गेली. येईल म्हणतात, व्यायाम करा म्हणतात. कधी, ते सांगत नाहीत."

कपाटाखालूनच विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्यावर कविता केली असती. मला नको होती."

"आणि न्यायाधीश?"

"तुम्ही भांडायला निघता, पण जिना काही उतरत नाही. ठाऊक होतं मला."

दोन खेपांचा चहा, घड्याळ, जास्वंदीची गाठ — सगळं समोर घडत होतं आणि मी दुकानात उसळी तपासत होतो. म्हटलं, "परत करू या हा सेट."

तिनं जाळीवर तळवा ठेवला. दाबून पाहिलं. "चाळण बरी आहे. कुणी निवडली?"

"मी. मंदाक्रांतेवर."

तेव्हा हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा आवाज करून हसली. उठली आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. "मग बसा. एवढं आणलंय तर कुणीतरी वाजवायला हवं."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पाचवा धडा. चार गुरू जमतात, लघूंना माझा हात पळतो. ही मागे उभी. "लघू म्हणजे छोटा. घाईचा नव्हे." माझं उजवं मनगट तिनं आपल्या उजव्या हातात पक्कं धरून ठेवलं, आणि पाठीवर बोटांनी मोजून दाखवलं — हलकं, चाचपडत.

पाचातला एक लघू आलाच नाही. चालेल. मी मागे वळून पाहिलं नाही.