पालथा कागद

आत्या, तुला जाऊन आता बारा वर्षं होतील. घरात तुझा विषय निघाला की तुझ्याबद्दल चांगलं बोलणाऱ्यांत मीच पुढे असते. आज तसं लिहिणार नाही.

दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. पुण्याच्या स्वयंपाकघरात तू मेथी निवडायचीस आणि मी समोर पाटावर बसून पाढे म्हणायचे. एकदा एकोणतीसचा पाढा मी तळहातावर पेनाने लिहून आणला. तू ओरडली नाहीस. हात धरून मोरीपाशी नेलंस, साबण लावून तळवा लाल होईपर्यंत घासलास आणि म्हणालीस, "बघून म्हटलेलं आपलं नसतं गं." मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मी सात वर्षांची होते.

सिंगापूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एका पेपरला हाताने लिहिलेला एक ए-फोर कागद आत न्यायची परवानगी होती. त्या पेपरात ए आला तरच संशोधनाच्या गटात जागा, असं सरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मला दुसरं काही नकोच होतं. इथली मुलं आठवडाभर मुंगीएवढ्या अक्षरांत सूत्रं भरत बसतात. मीही भरली, एकाच बाजूला. पण तो कागद हातात घेतला की मी उठून हात धुऊन यायचे. रूममेट इथलीच, चिनी. तिला म्हटलं, मी न बघताच लिहीन बहुतेक. ती तीन रंगांची पेनं मांडून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "प्रोफ से कॅन, मीन्स कॅन, ला. सर चालेल म्हणाले म्हणजे चालतं. न बघता लिहिलंस म्हणून वर तुला मेडल देणार आहेत का?"

मी परीक्षेच्या हॉलमध्ये बसले आहे. एसीने बोटं आखडली आहेत. कागद टेबलावर पालथा आहे. चौथ्या प्रश्नाचं सूत्र आठवत नाही. ते कागदावर दुसऱ्या ओळीत आहे एवढं आठवतं. मी हात लावत नाही.

बी मायनस आला. इथे ग्रेड इतरांच्या तुलनेत ठरते, आणि इतरांनी बघून लिहिलं होतं, तेही नियमाप्रमाणे. जागा गेली.

आता मी रोज कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या प्लांटमध्ये जाते. तिथे एक व्हॉल्व्ह उघडायचा तरी यादी हातात धरून, एकेक ओळ मोठ्याने वाचून, टिक करून उघडायचा. पहिल्या महिन्यात मी सगळं पाठ करून गेले. सुपरवायझर म्हणाला, "पाठ आहे असं परत म्हणालीस तर आत यायचा पास काढून घेईन. वाच." इथे सगळे बघूनच करतात आणि कुणाचा तळवा लाल होत नाही. तू मला ज्या जगासाठी तयार केलंस, ते तुझ्या स्वयंपाकघराबाहेर कुठे होतं तरी का?

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. शेवटच्या दहा मिनिटांत मी तो कागद उलटला होता. सूत्र उतरवलं, उत्तरही आलं. मग आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या माना आपापल्या कागदात होत्या. मी लिहिलेलं सगळं खोडलं. तेव्हा तू मनात नव्हतीस, आत्या. त्या सगळ्यांपेक्षा मी वरची आहे, असं मला वाटून घ्यायचं होतं. घरी मात्र, आत्याने शिकवलं म्हणून बघितलं नाही, असं मी तुझं नाव सांगितलं.