हान्दल बेटाची मध्यस्थ

३ सप्टेंबर २१३१

पोचले एकदाची हान्दल बेटावर! सहा तास बोट हिंदकळत होती, पण माझ्या पोटातलं पाणी हललं नाही. शांतिदलाची निळी टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून उजव्या हाताने धरली होती, त्यामुळे सलाम डाव्या हाताने झाला. पोरं हसली. मीही हसले.

स्वागताला दोन्ही वाड्या आल्या होत्या, उगवतीची आणि मावळतीची. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एकुलत्या कारखान्यावरून या लोकांनी एकमेकांची चाळीस माणसं मारली होती. गेल्या नऊ वर्षांत एकही नाही. ते श्रेय इथल्या मध्यस्थ प्यो यॉन-जू ताईंचं. मी त्यांची मदतनीस. ठाणं टेकडीवर आहे, दोघींना दोन खोल्या, खिडकीतून दोन्ही वाड्या दिसतात. जेवायला शिंपल्यांची पेज होती, दोन वाडगे खाल्ली.

९ सप्टेंबर

आज पहिली बैठक पाहिली. प्रशिक्षणात शिकलेलं डोळ्यांनी बघणं वेगळंच. गावकऱ्यांच्या कानांमागे तांदळाएवढे मणी असतात, मध्यस्थाच्या कानामागे चण्याएवढा. सगळे गोल करून बसतात आणि आठवड्याभरात साठलेला राग ताईंच्या डोक्यात उतरतो. अर्ध्या तासात माणसं जांभया देत, हलकी होऊन उठतात. ताई मात्र उठताना भिंतीचा आधार घेतात.

नंतर रीघ लागली. कुणी आंबवलेल्या कोबीची किमची, कुणी वाळवलेली मासळी, कुणी लोकरीचे मोजे. बेटावर तीन मुलींची नावं यॉन-जू आहेत म्हणे. समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या मल्-सुन आजीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तू ताईंची धुणी धुतेस का गं?"

मी म्हटलं, मी अधिकारी आहे. ती म्हणाली, "असशील बाई. पण मोजे तेवढे त्यांनाच दे."

१७ सप्टेंबर

ताईंचे जुने कागद लावताना त्यांचा निकाल हाती लागला. मध्यस्थाच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्यात. मी चारशे जणांत पहिली आले होते. आणि मी इथे कपबश्या विसळते.

त्या वाईट नाहीत, हेच जास्त सलतं. मला आधी वाढतात. कशाचीच हौस नाही त्यांना, चव विचारली तरी हसतात. अशा बाईवर माणसं जीव ओवाळून टाकतात! तिच्या ताटात पडतं ते सगळं माझं होतं. हे वाक्य लिहिलं आणि बरं वाटलं.

२४ सप्टेंबर

मुख्यालयाला कळवलं की मध्यस्थ उगवतीच्या वाडीला झुकतं माप देतात. पुरावा म्हणून त्यांना मिळालेल्या भेटींची यादी जोडली. मावळतीच्या भेटी यादीत घातल्या नाहीत.

२ ऑक्टोबर

ताईंना परत बोलावलं. माझ्या नावाचा हुकूम त्याच बोटीने आला, आणि दलाचा डॉक्टरही. त्याने ताईंचा मणी काढून माझ्या कानामागे बसवला. मुंगी चावल्यासारखं झालं, बस्स.

ताईंना तक्रार कुणाची हे ठाऊक होतं. तरी निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "हे-रिम, मणी एकीकडूनच वाहत नाही. तुझ्या मनात असेल ते त्यांच्यात झिरपेल. काहीही हवंसं वाटू द्यायचं नाही, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. तू आत्ताच बैठक घेऊ नकोस."

मला वाटलं, आता जळायची पाळी हिची.

धक्क्यावर सगळं बेट रडलं. मी मोजले, किती जण रडत नव्हते ते. एकही नाही.

७ ऑक्टोबर

माझी पहिली बैठक! राग उतरताना तापल्यासारखं झालं, पण निभावलं. मल्-सुन आजीने स्वतःच्या हाताने मला मोजे घातले. ताईंना घातले नव्हते, नुसते दिले होते.

१४ ऑक्टोबर

बैठकीनंतर मल्-सुन आजी शेजारणीकडे बघत पुटपुटली, "तिच्या ताटात पडतं ते सगळं माझं होतं."

ही रोजनिशी मी कुणाला दाखवलेली नाही.

शेजारीणही तेच म्हणाली. मग मावळतीचा नावाडी. शब्द न् शब्द तोच. कुणाचाही आवाज चढला नाही.

१८ ऑक्टोबर

दोन्ही वाड्यांत किमचीची मडकी फुटताहेत. शेजाऱ्याची नव्हे, भावाची, लेकीची. एका बहिणीने दुसरीचे केस मुळापासून कापले, कारण ते लांब होते. त्या दोघी शेजारी बसून जेवल्या.

मुख्यालयाला कळवलं. उत्तर आलं: दोन वाड्यांतील हिंसा शून्य, अभिनंदन.

२१ ऑक्टोबर

बैठक बंद केली. काही उपयोग नाही. झिरपतंच आहे. मण्याला बैठक लागत नाही—

लिहून कळवलं की तक्रार खोटी होती, ताईंना पाठवा. उत्तर: यशस्वी मध्यस्थ बदलता येत नाही. डॉक्टर वसंतात येईल.

२४ ऑक्टोबर

सकाळपासून कुणी कुणाकडे बघत नाही. सगळे माझ्याकडे बघतात. टेकडीच्या पायथ्याशी उभे. मल्-सुन आजीने वर बघून शांतपणे विचारलं, "चण्याएवढा मणी तुलाच का?"

तिच्या हातात शिंपले उघडायची सुरी—

काही हवंसं वाटू द्यायचं नाही. काही नको. समुद्र बघते. समुद्र— ताई याच खिडकीशी बसायच्या, त्यांच्यावर किती—

नको.

२६ ऑक्टोबर, दुपार

वर येताहेत. उगवती, मावळती, सगळे. भांडण नाही. हातात हात घालून चढताहेत, पोरं कडेवर. असं या बेटावर कधी झालं नव्हतं. मुख्यालयाला पडद्यावर दिसतंय— लिहितात, ऐतिहासिक क्षण.

दाराला पलंग लावलाय. कानामागे नखांनी— मणी निघत नाही, रक्त येतंय—

किती प्रेमाने धरलेत हात. माझा कुणी असा कधी—

पावलं थांबली. मनातलं ऐकू गेलं त्यांना. दारावर हात. सगळे हात, हळूच, एकदम— आजी म्हणतेय, ये ना बाळ, आम्ही धरतो, तू फक्त मान जरा