गाडी डावीकडे का जाते

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. (अगदी खराखुरा. सकाळी बराच वेळ गाडीखाली आडवी होते, त्यातलाच एक तुमच्या नावे धरा.) तब्येत कशी आहे? मानेचा पट्टा निघाला का? ताईच्या मानेला अपघातात काही झालं नव्हतं. तिला नुसती मान खाली घालावी लागली, आणि त्यावर पट्टा मिळत नाही. इकडे सगळं ठीक. आई बरी आहे, बाबा बरे आहेत, गाडी डावीकडे जाते.

फोनच केला असता, पण गाडीचा विषय निघाला की तुमच्याकडची रेंज जाते. म्हणून पत्र.

तर गाडी. आहे बाबांचीच, पण धडकेनंतर तुम्ही ती तुमच्या मित्राच्या गॅरेजातून 'नव्यासारखी' करून आणलीत, तेव्हापासून घरात तिच्याकडे जावयाची भेट म्हणूनच बघतात. रंग झकास लागलाय, वादच नाही. पण स्टिअरिंग जरा सैल सोडलं की ती डावीकडे निघते, जसं काही तिकडून तिला कुणी जेवायला हाक मारलीय. बाबा म्हणाले, रस्त्याला उतार आहे. आम्ही गाडी फिरवून उलटे आलो, तरी डावीकडेच. बाबा म्हणाले, याही बाजूला उतार आहे. मग त्यांनी वजनाचा उपाय काढला. आईला कायम उजवीकडे बसवायचं आणि डिकीत उजव्या कोपऱ्यात विटा. (आई म्हणाली, "विटांच्या जागी मला घेतलंय की माझ्या जागी विटा, तेवढं सांगा.") हल्ली जाडा पाहुणा आला की बाबांचा चेहरा उजळतो. शेजारच्या वकीलकाकांना तर ते स्वतः दार उघडून ड्रायव्हरच्या मागे बसवतात, आणि काकांना तो आपला मान वाटतो. एवढं करून गाडी काही ऐकत नाही, म्हणून बाबा स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरतात आणि घरी आल्यावर खांदा शेकत बसतात. वय झालं म्हणतात. वय गाडीचं की त्यांचं, ते सांगत नाहीत.

आता टायर. पुढचं डावं. बाहेरून बघाल तर काल घेतल्यासारखं, पण आतल्या कडेवरून हात फिरवला तर बोटाला तारा लागल्या. पंक्चरवाला म्हणाला, "याला कोण चावलं?" नवं टायर घातलं, तेही तसंच आतून खाल्लं गेलं. तो म्हणाला, चाकाला धरणारा दांडा वाकलाय, तो बदला, मग अलाइनमेंट करा, नाहीतर कितीही टायरं घाला. तुमच्या मित्राने दांड्याला हातच लावला नव्हता. वाकड्या चाकामुळे स्टिअरिंग वाकडं दिसायला लागलं, म्हणून त्याने ते काढून परत सरळ बसवलं, बस. तुमचा मित्र आहे हे लगेच पटलं मला.

हे मी बाबांना सांगितलं तर ते माझ्यावरच उखडले. "जावयांनी स्वतः उभं राहून काम करून घेतलंय. धडक मारली आपल्या मुलीने, निस्तरलं त्यांनी, आणि वर आपण खोड काढायची? तोंड आहे का आपल्याला?" असं आमच्या घरचं गणित. ताईने चूक केली म्हणून तुमचे उपकार, उपकार म्हणून दुरुस्ती चांगली, दुरुस्ती चांगली म्हणून रस्त्याला उतार.

ताईकडची किल्ली धडकेच्या दिवशीच घेतली, ती अजून बाबांच्या कपाटात आहे. जिने मला गाडी शिकवली, जी आईला दवाखान्यात न्यायची आणि आईची झोपही मोडू द्यायची नाही, ती आता बसने कामावर जाते. मी एकदा तिच्याबरोबर होते. बसच्या ड्रायव्हरने ब्रेक मारायच्या जरा आधी तिचा उजवा पाय दाबला जातो. खाली नुसता पत्रा.

आता मुद्दा. त्या दिवशी, गाडी आदळली त्या गोदामाच्या भिंतीपाशी, घरातून सर्वांत आधी मी पोचले. तुम्ही पलीकडे उभे राहून बाबांना फोनवर सांगत होतात, "हिचा ताबा सुटला." ताई काहीच बोलत नव्हती. मी कागदपत्रं काढायला ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. दाजी, ताईची नि माझी उंची एकच. आमच्या घरात बायकांच्या वाट्याला ती कमीच आलीय. सीट पार मागे होती. तुमच्या पायांएवढी मागे.

ताईला विचारलं तर म्हणाली, "त्यांनी एकदा सांगून टाकलं. आता चारचौघांत त्यांना खोटं पाडू?"

सर्वांना नमस्कार. मानेची काळजी घ्या.

तुमची,
मेहुणी

ता. क. – रविवारी बाबा माहेरी आलेल्या ताईला याच गाडीतून तुमच्याकडे सोडायला निघणार आहेत. वाटेत तो लांब उतार, आणि टायरच्या तारा दिसतायत. म्हणून हे एवढं पत्र. बाबांना फोन करा आणि 'गाडी मी चालवत होतो' एवढंच म्हणा. दुपारपर्यंत गाडी चांगल्या गॅरेजात जाईल.

ता. क. २ – फोन करू नका. हे लिहीत असताना ताई मागे येऊन उभी होती. वाचून हसली. (बऱ्याच दिवसांनी. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.) मग बाबांकडे गेली आणि सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे? फोन ठेवलात आणि किल्ली मागितलीत." बाबा खाली गेले आणि डिकीतल्या विटा एकेक करून बाहेर काढून ठेवल्या. खांदा दुखत असताना. मला हात लावू दिला नाही.

ता. क. ३ – दांडा बदलला, अलाइनमेंट झालं, टायर नवं. रविवारी आम्ही येतोय. ताई चालवणार, बाबा शेजारी. सीट तिने पुढे ओढलीय, ती आता तिथेच राहील. तुम्हाला गाडीतून कुठे जायचं असेल तर मागे बसा. डावीकडे, उजवीकडे, कुठेही. गाडीला आता तुमच्याने फरक पडत नाही.