चढताना वेग गेला तेव्हा

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात विमान चढवताना माझ्याकडून एक चूक झाली. ती तुम्हाला सांगावीशी वाटली, म्हणून लिहिते आहे.

धुळ्याच्या धावपट्टीवरची ती सकाळ मला अजून दिसते. चोपड्याहून शिकायला आलेली एकोणीस वर्षांची मी, छोट्या विमानात तुमच्या शेजारी बसले आहे. लवकर उंची गाठून दाखवायची म्हणून नाक वर खेचत राहते. वेगाचा काटा घसरतो, विमान पडेल असा इशारा देणारा भोंगा वाजतो आणि तुम्ही दांडा पुढे ढकलता. एरवी पुस्तकी मराठी बोलणारे तुम्ही रागावलात की अहिराणीवर यायचात. "इतली घाई कसानी शे? वेग कथा गया, देखं का?" वेग कुठे गेला, हे मी पाहिलंच नव्हतं. उतरल्यावर मी रडवेली झाले होते. तुम्ही मला घरी नेलंत. काकूंनी ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी वाढली आणि जेवता जेवता तुम्ही त्यांच्यासमोरच म्हणालात, "चूक माझीही होती. मी खाली कपाशीकडे बघत बसलो होतो." शिकवणारा माणूस असं बोलतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आता मी मोठ्या जेट विमानाची कॅप्टन आहे. उड्डाणानंतर ऑटोपायलटला चढायला सांगायच्या दोन रीती आहेत. एकीत तो ठरवलेला वेग धरून ठेवतो आणि इंजिनांच्या ताकदीत जमेल तेवढंच चढतो. दुसरीत आपण मिनिटाला किती फूट चढायचं ते ठरवून देतो. मग तो तेवढं चढतोच, वेग राहो की जावो. त्या दुपारी विमान भरलेलं होतं, ऊन कडक होतं. तीस हजार फुटांच्या वर असताना कंट्रोलरने सांगितलं, पुढे दुसरं विमान आहे, लवकर वर जा. मी दुसरी रीत निवडली, मिनिटाला पंधराशे फूट. सुरुवातीला सगळं ठीक होतं. पण तिथली हवा विरळ, इंजिनं आधीच पूर्ण जोरावर. वेग हळूहळू उतरू लागला.

"मॅडम, स्पीड!" शेजारचा को-पायलट म्हणाला.

मी लगेच पहिल्या रीतीवर आले. एवढं चढणं जमणार नाही, असं को-पायलटने कंट्रोलरला कळवलं. नाक खाली आलं, चढणं मंदावलं, वेग परत मिळाला. मागे प्रवाशांचा चहा चालू होता, कुणाला काही कळलं नाही. उतरल्यावर मी त्याला म्हणाले, "बरं केलंस बोललास. माझं लक्ष होतंच, मी बदलणारच होते."

तो "हो मॅडम" म्हणाला. रात्रभर मला ते "हो मॅडम" टोचत राहिलं. सकाळी हॉटेलहून विमानतळावर जाताना गाडीत मी त्याला खरं सांगितलं, की माझं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, "मला माहीत होतं मॅडम. तुम्ही उन्हासाठी खिडकीचा पडदा लावत होतात." रीतसर रिपोर्ट आम्ही दोघांनी मिळून लिहिला.

काकूही आता नाहीत, त्यामुळे धुळ्याच्या पत्त्यावर हे घेणारं कुणी नाही. पण एक सांगते. तुम्ही असतात आणि त्या उड्डाणाच्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला असता, तर तुम्हालाही हेच म्हणाले असते, की सर, माझं लक्ष होतं.