सीटचा चौथा बोल्ट

प्रिय तृप्ती,

आधी सांगते, इकडं सगळं बराबर आहे, पत्र बघून घाबरू नकोस. घरात फोन असताना ही बाई कागद काळे का करून राह्यली, असं तुला वाटेल. वाटू दे. सांगते सगळं, पण माझ्या पद्धतीनं सांगते, मधेमधे फाटे फुटतील.

दिवाळीत तू धावड्याला आल्तीस, तेव्हा चुलीपाशी बसून हरिओमचं मला सांगितलंस. त्याला तुझ्याशी लग्न करायचंय, तुझ्याही मनात आहे, पण मामा हो म्हणाले तरच, न्हाईतर विषय बंद. अगं, तुझे आईवडील एका पायावर तयार, आणि तू सासऱ्याच्या होकारासाठी अडून बसलीस! मला तेव्हाच भरून आल्तं. तू गेल्यावर मी तुझ्या मामांच्या कानावर घातलं. ते जेवत होते. हात धुतला आणि मळ्यात निघून गेले. नंतर दोनदा विषय काढला, तर एकदा विहिरीवरची मोटार बिघडली आणि एकदा कान दुखायला लागला. आमचा लेक गेला तसा तुझा नवराही गेला, हे त्यांना समजतं गं. पण अंगदचं नाव निघालं की या माणसाला कुठलं तरी काम आठवतंच.

मंग गेल्या आठवड्यात सकाळी बघते, तर अंगदच्या गाडीवरची ताडपत्री काढलेली. तो गेल्यापासून त्या गाडीला त्यांनी कुणाला हात लावू दिला न्हाई. सर्जेराव भावजींनी विकत मागितली तर त्यांच्याशी बोलणं टाकलं. आणि आता स्वतःच ड्रायव्हरच्या सीटखाली डोकं घालून बसलेले. काय करून राह्यले, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिचे पाय पुरत न्हाईत."

मला आधी काही कळलंच न्हाई. मंग आठवलं. अंगद बापासारखा उंच, त्याची सीट पार मागं. तू गाडी शिकत होतीस तेव्हा पाठीला माझी उशी लावून बसायचीस आणि तो तुला चिडवायचा. त्याच्यामागं गाडी उभीच राहिली, पावसाचं पाणी आत गेलं, आणि सीट सरकते ती खालची पट्टी गंजून गच्च झाली. आता सीट खोलल्याशिवाय इलाज नव्हता.

चार बोल्ट होते. तीन निघाले. चौथा मेला हलेचना. तुझ्या मामांनी पान्याला पाइप लावून असा जोर केला की बोल्टचं डोकंच तुटून हातात आलं. मी म्हणलं, भोकरदनहून मेकॅनिकला बोलवा. तर माझ्यावरच डाफरले, माझ्या लेकाची गाडी मीच खोलणार म्हणाले. खोला मंग, म्हणलं, आणि त्या दिवशी दुपारचा चहाच दिला न्हाई.

सीट कशीबशी बाहेर काढली, पण तुटलेला तुकडा बोटाच्या पेराएवढा वर राहून गाडीच्या पत्र्यात रुतलेला. त्याला रात्रभर डिझेल पाजलं. सकाळी कानशीनं घासून दोन बाजू सपाट केल्या, पाना धरावा म्हणून. मी बॅटरीचा उजेड दाखवत बसले, राग किती वेळ धरायचा? या वेळी त्यांनी बिलकुल जोर केला न्हाई. जरासा आवळायचा, जरासा सोडायचा, वर डिझेलचे थेंब. सोडायचा तर आवळता कशाला, मी विचारलं. नुसता ओढला की तुटतो, म्हणाले. सगळी सकाळ तेवढंच चाललं होतं.

शेवटी तो करकरला. तुझे मामा पान्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सोड बाळा. सोड आता."

बोल्टला कुणी बाळा म्हणतं का गं? अंगदला कावीळ घेऊन गेली तेव्हा आम्ही सगळे रडलो, ते रडले नव्हते. त्या दिवशी गाडीच्या दाराला कपाळ टेकून लेकरासारखे रडले. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मलाही रडू आलं, पण तृप्ती, खरं सांगते, बरंही वाटलं. बोल्ट नंतर सहज निघाला.

पट्टी घासून, ग्रीस लावून, नवा बोल्ट टाकून त्यांनी सीट बसवली, पार पुढं. उद्या ते स्वतः गाडी घेऊन बदनापूरला येतील, चावी आणि हे पत्र तुझ्या हातात देतील, आणि एसटीनं माघारी फिरतील. पत्र लिहिलं ते त्यासाठीच. दारात उभं राहून ते टायरची हवा, ऑइल, असलंच काहीतरी बोलतील. हरिओमचं नाव त्यांच्या तोंडून निघणार न्हाई. तुला वाटेल, उत्तर राहूनच गेलं. राहिलं न्हाई, पोरी. आज त्यांनी गाडी गावात फिरवून बघितली, तर गुडघे स्टिअरिंगला घासत होते. मी म्हणलं, अहो, बदनापूरपर्यंत तरी सीट मागं घ्या, तिथं गेल्यावर तिची ती पुढं करून घेईल. तर म्हणाले, "न्हाई. आता ती मागं न्यायची न्हाई."

तुझीच,
आत्याबाई